काढायचं की राखायचं

बाळारामने सुमोचं मागचं दार उघडलं आणि पिशवी आत फेकली. टॉवेल, दोन लुंग्या, थर्मास आणि बरोबर जाणाऱ्यांसाठी बायकोने, गोदूबाईने, केलेल्या तांदळाच्या भाकऱ्या असा सगळा ऐवज तिच्यात होता. मुलाला, मितेशला, अकराच्या आत भिवंडीच्या हॉस्पिटलात पोचवायचं होतं. एक वाजता ऑपरेशन. खारबावहून भिवंडी म्हणजे काही काशी-रामेश्वर नव्हे, तरी बाळाराम आठ वाजल्यापासून हॉर्न देत होता.

मितेश ओट्यावरून उठला, त्याने पायांत चपला सरकवल्या. तो गाडीपाशी पोचायच्या आत त्याची बायको दिपाली घरातून तरातरा आली, पुढचं दार उघडून स्टिअरिंगवर बसलेल्या सासऱ्याच्या शेजारी बसली आणि तिने दार ओढून घेतलं. सोनोग्राफीचं मोठं पाकीट तिने मांडीवर आडवं धरलं होतं.

"तू कशाला? गोदू येतेय ना संगती," बाळाराम म्हणाला.

"आबा, आज नाही करायचं ऑपरेशन. मुंबईच्या डॉक्टरांनी सोमवारची वेळ दिलीय. चार दिवस थांबू."

"एक दिस न्हाय थांबनार मी."

"चारच दिवस."

"एक दिस न्हाय बोललो ना!"

खारबावात बाळारामच्या शब्दाला मान होता, म्हणजे लोक त्याचं मुकाट ऐकून घेत आणि घरी जाऊन आपल्याला हवं ते करत. घरात मात्र तो बोलेल तेच होई. मितेश एकोणतीस वर्षांचा झाला, रस्त्याकडेच्या शेतात उभ्या राहिलेल्या गोडाऊनचा कारभार बघू लागला, तरी 'आबा म्हणतील तसं' हे त्याचं ठरलेलं उत्तर होतं. मुलगी पसंत आहे का, असं विचारल्यावरही तो हेच म्हणाला होता. दिपाली ते अजून विसरली नव्हती आणि त्यालाही विसरू देत नव्हती.

गाठ मितेशला आंघोळ करताना हाताला लागली होती. वाटाण्याएवढी, न दुखणारी. चार आठवडे त्याने कोणाला सांगितलं नाही. मग दिपालीला सांगितलं, आणि दिपालीने तिसऱ्या दिवशी त्याला सोनोग्राफीच्या टेबलावर झोपवलं. गाठ अंडात होती. कोणाच्याही बाबतीत ही घाबरण्याचीच गोष्ट. पण मितेशला अंड एकच होतं. दुसरं अकराव्या वर्षी गेलं होतं. भिवंडीच्या सर्जनने फिल्म उजेडात धरली आणि आडपडदा न ठेवता सांगितलं की, इथे घट्ट गाठ दिसली की आम्ही ती कॅन्सरचीच धरून चालतो. अंड आधी काढायचं, तपासायचं मागाहून. पुढे आयुष्यभर हार्मोनची इंजेक्शनं, आणि मूल व्हायचं नाही. लग्नाला दोन वर्षं झाली होती आणि घरात पाळणा हलायचा होता.

"मुंबईला सगळं काढत नाहीत," दिपाली म्हणाली. "नुसती गाठ काढतात. पेशंट टेबलावर असतानाच ती तपासतात. साधी निघाली तर अंड परत जागेवर ठेवून शिवतात."

अंगणात कोंबड्यांना दाणे टाकणारी गोदूबाई पदर सावरत परसदारी निघून गेली. दिपाली भिवंडीत रीमा मॅडमच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये कामाला होती. लोकांचं रक्त, थुंकी आणि कापून आलेले तुकडे हाताळून हाताळून शरीरातल्या कुठल्याही भागाचं नाव घ्यायची लाज तिला उरली नव्हती. सासरी ही तिची सर्वांत मोठी खोड समजली जाई.

"तुज्या मॅडमला इचारून माज्या पोराचं ऑपरेशन ठरवू का?"

"मॅडमनी फिल्म बघितली. गाठीत रक्त खेळत नाही, कांद्यासारखे पापुद्रे दिसतात. रक्ताचे तिन्ही रिपोर्ट चांगले आहेत. अशी गाठ बहुतेक वेळा साधी असते."

"बहुतेक?"

"बहुतेक."

"त्या बहुतेकच्या भरवशावर पोरगा ठेवू?"

"आणि न बघता काढलं, आणि मागून कळलं की साधीच होती, तर? परत बसवता येतं का आबा?"

मितेश गाडीच्या टपावर हात ठेवून उभा होता. दोघं त्याच्याबद्दल बोलत होती आणि तो टपावरची धूळ बोटाने पुसत होता.

बाळारामच्या घाईला कारण होतं. मागच्या वेळी दोन दिवस गेले होते. अकरा वर्षांचं पोर पोट धरून तळमळत होतं आणि काशी म्हातारी, बेंबी सरकली म्हणत, त्याच्या पोटावर तेल चोळत होती, बेंबीवर दिवा ठेवून वर तांब्या उपडा घालत होती. तिच्या हाताला गुण होता. शेजारच्या चार गावांच्या बेंब्या तिने जागेवर बसवल्या होत्या. फक्त या वेळी दुखणं बेंबीचं नव्हतंच. खाली अंडाला पीळ पडला होता, त्याचं रक्त तुटलं होतं. हॉस्पिटलात नेलं तोवर वेळ निघून गेली होती. पोराने लाजेपायी खरी जागा सांगितलीच नाही, असं गाव तेव्हापासून म्हणत आलं होतं. त्या दोन दिवसांवरून बाळारामने काय ते ठरवून टाकलं होतं: पुन्हा म्हणून उशीर करायचा नाही.

"उतर," तो दिपालीला म्हणाला.

"नाही उतरणार. मला घेऊन चला. तिथल्याच डॉक्टरांना विचारू, चार दिवसांनी काय बिघडतं ते."

बाळारामला ही गोष्ट पटली. डॉक्टरच्या तोंडूनच हिचं तोंड बंद झालेलं बरं, असा त्याचा हिशेब होता. त्याने गाडी सुरू केली.

हिशेब साफ चुकला. भिवंडीचा सर्जन सरळ माणूस निघाला. त्याने दिपालीचं सगळं ऐकून घेतलं, फिल्म पुन्हा पाहिली आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"चार महिने थांबलात तर बिघडेल. चार दिवसांनी काही बिघडत नाही," तो म्हणाला. "टेबलावर असताना तपासायची सोय माझ्याकडे नाही. असती तर, एकच अंड असलेल्या माणसाला मीही तेच सांगितलं असतं. जाऊन या."

भाकऱ्या तशाच घरी परत आल्या.

सोमवारी मुंबईच्या डॉक्टरने एका कागदाच्या मागच्या बाजूला चित्र काढून दाखवलं. केस पिकलेला, हळू बोलणारा माणूस होता. समोर तिघं बसली होती, मितेश मधे.

"जांघेत कापायचं. तिथून अंड वर घ्यायचं. आधी रक्ताच्या नळीला चिमटा लावायचा, म्हणजे गाठ वाईट असलीच तर हात लावताना रक्तातून काही पसरायला नको. मग गाठ तेवढी सोडवून काढायची. ती खाली लॅबमध्ये जाते. ते गोठवून, पातळ काप करून दुर्बिणीखाली बघतात. वीस-पंचवीस मिनिटं. तोवर अंड आम्ही बर्फात ठेवतो. साधी आहे म्हणाले, तर चिमटा काढून परत आत. वाईट म्हणाले, तर तिथल्या तिथे काढून टाकायचं."

"सुईनं काडून बगा ना," बाळाराम म्हणाला. "पानी काडतात तसं. कापाकापी कशाला?"

"नाही काका. गाठ वाईट असली तर सुईच्या वाटेने ती सांडते. इथे सुई घालायची नाही, खालच्या बाजूने कापायचंही नाही. हा नियम."

बाळारामने मान डोलावली. माणूस नियमाने चालणारा आहे, एवढं त्याला बरं वाटलं.

"आणखी एक," डॉक्टर म्हणाला. "क्वचित लॅबला तिथल्या तिथे नक्की सांगता येत नाही. पक्का रिपोर्ट यायला सहा दिवस लागतात. तसं झालं तर काढायचं की राखायचं, हे तुम्हाला ठरवावं लागेल. म्हणून मी पूर्ण भूल देत नाही, कमरेत इंजेक्शन देतो. पेशंट जागा असतो. त्याला विचारता येतं."

"आबा म्हणतील तसं," मितेश म्हणाला.

दिपालीने डोळे मिटले आणि उघडले.

मग डॉक्टरने, ऑपरेशनआधी मितेशचं बी साठवून ठेवता येतं, वाईटात वाईट झालं तरी पुढे मूल होण्याची आशा राहते, असं सांगून एक चिठ्ठी लिहून दिली. ते कसं द्यायचं असतं, हेही त्याने समजावलं. बाळारामला त्या वेळी भिंतीवरच्या पंख्याची जाळी फारच बघण्यासारखी वाटली. दिपालीने मात्र सकाळी किती वाजता यायचं, उपाशीपोटी का कसं, सगळं विचारून घेतलं.

"आणि दुसरं अंड कसं गेलं?" डॉक्टरने पेन उघडून विचारलं.

"पीळ पडला होता," मितेश म्हणाला. "अकरा वर्षांचा होतो. मी कोणाला सांगितलंच नाही, कुठे दुखतंय ते. लाजलो. पोट दुखतंय म्हणून सांगत राहिलो. त्यात दोन दिवस गेले."

डॉक्टरने लिहून घेतलं. "मुलं लाजतात," तो म्हणाला.

बाळारामच्या हातातला रुमाल खाली पडला. तो उचलायला तो वाकला आणि नको इतका वेळ वाकलेलाच राहिला.

मितेशने सांगितलं होतं. पहिल्याच संध्याकाळी सांगितलं होतं. बाळारामचा धाकटा भाऊ सावळाराम, त्याची हळद होती. मांडव माणसांनी फुलला होता, बायका गाणी म्हणत होत्या, नवरीकडची मंडळी नुकती येऊन टेकली होती. पोर गर्दीतून वाट काढत आलं, बापाच्या गळ्यात हात टाकून कानाशी लागलं आणि त्याने खरी जागा सांगितली. बाळारामने इकडेतिकडे पाहिलं. पाव्हण्यांतल्या दोन बायका कौतुकाने त्यांच्याकडेच बघत होत्या. "गप," तो पोराला म्हणाला, "बायामानसं हायत. पोट दुकतं बोल." खेळताना लाथबीथ लागली असेल, सकाळी उतरेल, असं त्याने धरलं. पोराने सांगितल्याप्रमाणे केलं. तो शहाणा मुलगा होता. मग आईलाही पोटच सांगितलं, काशीलाही पोटच. दुसऱ्या दिवशी लग्न लागलं. काशीचा तांब्या चालू आहे म्हटल्यावर बाळारामने मनाची समजूत घालून घेतली. आणि हॉस्पिटलात डॉक्टर ओरडला, हा बोलला कसा नाही म्हणून, तेव्हा बाळाराम तिथेच उभा होता आणि गप्प राहिला.

पोर लहान होतं, विसरलं असेल, असं त्याला इतकी वर्षं वाटत आलं होतं. त्याने रुमाल उचलून वर पाहिलं. मितेश डॉक्टरच्या टेबलावरच्या कॅलेंडरकडे बघत होता. बाळारामला त्याची ही नजर चांगली माहीत होती. मितेश काही विसरला नव्हता.

गुरुवारी सकाळी मितेशला आत नेलं. बाहेर बाकांची रांग होती आणि तिच्यावर निरनिराळ्या गावांहून आलेली, निरनिराळ्या काळज्यांची माणसं बसली होती. बाळाराम आणि दिपाली एका बाकावर टेकली. गोदूबाई घरीच थांबली होती. मला ते आयकवत न्हाय, असं म्हणाली होती.

अर्धा तास झाला. दिपालीने घड्याळ पाहिलं.

"आता गाठ खाली गेली असेल," ती म्हणाली. "आमच्याकडे मॅडम सुरीने काप काढतात तेव्हा मी बघते. तो तुकडा कोणाचा, हे मनात येऊच द्यायचं नाही, असं त्या सांगतात. खाली कोणीतरी तसंच बघत असेल."

"दिपाली."

"काय आबा?"

"त्यानं सांगलं व्हतं मला."

तिला कळलं नाही. बाळारामने घसा साफ केला. समोरच्या बाकावर एक म्हातारी आणि तिची सून बसली होती, त्यांना ऐकू गेलं असतं. त्याने तरी आवाज खाली केला नाही.

"तवा. सावळ्याच्या हळदीत. कानात सांगलं व्हतं, कुठं दुकतं ते. मीच त्याला गप केला. पोट बोल, असं मीच शिकवलं. तो लाजला न्हाय. लाजलो मी."

दिपाली उठली आणि खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. बराच वेळ ती मागे वळली नाही. बाळाराम बसल्या जागी बसून राहिला. त्याने शिक्षा मागितली होती, आणि ती कमी पडावी असं त्याला मुळीच वाटत नव्हतं.

ती परत आली तेव्हा तिचे डोळे लाल होते.

"मी त्याला किती बोलले, माहीत आहे तुम्हाला?" ती म्हणाली. "या गाठीचं त्याने चार आठवडे सांगितलं नाही ना, तेव्हा. म्हटलं, लहानपणी लाजलास, एक घालवलंस, आता दुसरंही घालव. असं बोलले आबा मी. दहादा बोलले. तो ऐकून घेत होता. एकदाही म्हणाला नाही, की आबांनी..."

ती संतापली होती, आणि बाळारामला तिचा संताप आपला वाटला. घरात दुसरं कोणी तरी त्याच्यावर असं चिडायला हवं होतं, अठरा वर्षांपूर्वीच.

"तो बाहेर आला की त्याला सांगेन मी," तो म्हणाला.

"बाहेर येईपर्यंत कशाला थांबायचं? तुमच्यामुळे तो अजूनही म्हणतोय, आबा म्हणतील तसं," दिपाली म्हणाली, आणि नाक पुसून पुन्हा घड्याळाकडे बघू लागली.

दार उघडलं. हिरव्या कपड्यांतली एक सिस्टर बाहेर आली.

"मितेशचे वडील कोण? डॉक्टरांनी आत बोलावलंय. लवकर चला."

तिने बाळारामला हिरवा झगा चढवला, डोक्याला टोपी, तोंडाला मास्क, पायांत कापडी पिशव्या. दिपालीने त्याच्या पाठीमागच्या नाड्या बांधल्या. गाठी तिने घट्ट मारल्या.

आत थंडी होती. मितेश पाठीवर झोपला होता, छातीपाशी हिरव्या कापडाचा आडोसा केला होता. त्याच्या उशाशी भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाई बसल्या होत्या, पलीकडे दोन सिस्टर उभ्या होत्या. डॉक्टरचे हात आडोशाच्या पलीकडे होते. त्याने बाळारामला मुलाच्या डोक्याशी उभं राहायला सांगितलं.

"खालून फोन आला," डॉक्टर म्हणाला. "गाठीचा बहुतेक भाग साधा दिसतोय. एका कोपऱ्याबद्दल त्यांना छातीठोक सांगता येत नाही. म्हणजे मी म्हटलं होतं तेच झालं. आता अंड काढून टाकलं तर प्रश्न मिटला, पण रिपोर्ट साधा आला तर ते उगाच गेलं. राखलं तर सहा दिवस वाट बघायची. रिपोर्ट वाईट आला तर पुन्हा या टेबलावर यायचं आणि काढायचं. सहा दिवसांनी आजार पुढे जाणार नाही, एवढं मी सांगू शकतो. मी मितेशला विचारलं, तो म्हणतो आबांना विचारा. मला उत्तर त्याचंच लागेल. पण तुम्ही आल्याशिवाय तो बोलायला तयार नाही. आणि चिमटा फार वेळ ठेवता येत नाही."

मितेशने डोळे वर करून बापाकडे पाहिलं. उलट्या दिशेने बघताना त्याचा चेहरा लहान दिसत होता.

"आबा, तुमी सांगा."

काढा. हा शब्द बाळारामच्या अगदी जिभेवर होता. पोरगा जिवंत राहायला हवा, बाकी सगळं गेलं चुलीत. तो बोलला असता तर मितेशने 'बरं' म्हटलं असतं, जन्मभर इंजेक्शनं घेतली असती आणि कोणी विचारलं असतं तर, माझाच निर्णय होता, असं सांगितलं असतं. पोराने बापाला असंच झाकलं असतं, दुसऱ्यांदा. बाळारामने दात आवळले. गावकीच्या बैठकीत तासतासभर बोलणारा माणूस तो, पण तोंड बंद ठेवणं इतकं कठीण असतं हे त्याला ठाऊक नव्हतं.

"आबा?"

"आयकतोय."

"मग सांगा ना."

"मी न्हाय सांगनार."

डॉक्टरने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

"तवा तू सांगलं व्हतंस," बाळाराम म्हणाला. "मी आयकलं न्हाय. आज मी फकस्त आयकायला आलोय. तू बोलशील ते. काड बोल, राक बोल. मी संगती हाय."

मितेशच्या भुवया हलल्या.

"तुमाला याद हाय?"

"रोज."

मशीन टिकटिक करत होतं. डॉक्टरीणबाईंनी मितेशच्या डोळ्याच्या कडेला कापसाचा बोळा टेकवला.

"दिपाली काय म्हणाली?" त्याने विचारलं.

"तिला आत घेतलं न्हाय. आणि मी तिलाबी इचारलं न्हाय. तुला इचारतोय."

आडोशाच्या पलीकडे रक्त थांबलेलं आहे आणि आपण इथे उभे आहोत, गप्प, हे बाळारामला सहन होईना. तरी तो बोलला नाही.

"डॉक्टर," मितेश म्हणाला. "डॉक्टर, राखा. शिवून टाका. रिपोर्ट वाईट आला तर मी परत येईन. कोणी आणायला नको, माझा मी येईन."

"नक्की?"

"नक्की. मी सांगतोय."

"ठीक," डॉक्टर म्हणाला, आणि त्याचे हात पुन्हा चालू लागले. काही वेळ त्याने आत बारीक टाके घातले. सिस्टरने बर्फ बाजूला केला. "चिमटा काढतोय," असं तो कोणाला उद्देशून न म्हणता म्हणाला, आणि चिमट्याचा आवाज झाला.

बाळारामला आता जायला हरकत नव्हती. सिस्टरने दाराकडे बोटही दाखवलं. तो हलला नाही.

"आबा, काय दिसतंय?" मितेशने खालून विचारलं.

बाळाराम बायकांनी भरलेल्या त्या खोलीत टाचा उंचावून आडोशाच्या वरून बघू लागला. मागच्या वेळी हॉस्पिटलवाल्यांनी स्टीलच्या ताटलीत आणून दाखवलं होतं ते सुकलेल्या जांभळासारखं काळं होतं. हे पांढरट होतं, बर्फाने गारठलेलं. डॉक्टरही थांबला होता. मग एका कडेने, अगदी हळू, गुलाबी रंग चढायला लागला आणि वर वर येत गेला.

"लाल व्हतंय," बाळाराम म्हणाला. मास्कमधून ते नीट ऐकू जाईना, म्हणून त्याने ते पुन्हा सांगितलं, खोलीतल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं. "तुजं अंड लाल व्हतंय, मितेश. जितं हाय."